मदतीचे ट्रक परतल्यावर

दिग्गी हे नाव बऱ्याच वाचकांना नकाशात शोधावं लागेल. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ, सह्याद्रीच्या दाट रानात हे छोटंसं गाव आहे. काळी नदी याच परिसरात उगम पावते आणि १८४ किलोमीटरचा प्रवास करून कारवारपाशी, सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. या भागात वस्ती मुख्यतः कुणब्यांची, घरातली भाषा कोकणी, शाळा-कचेरीची कन्नड. मराठी मात्र परकी वाटू नये इतकी कानावरची. संकटातल्या माणसांमध्ये चाललेल्या ख्रिस्ती सेवेवरच्या पुस्तकाची प्रस्तावना अशा गावापासून का सुरू करायची, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. दिग्गीत मोठं मिशन नाही, प्रसिद्ध इस्पितळ नाही, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येईल असा भूकंपही इथं झालेला नाही.

पण म्हणूनच. ज्या संकटाला नाव असतं, तारीख असते आणि ज्याचं छायाचित्र काढता येतं, तिथं मदत पोहोचते. किल्लारीचा भूकंप म्हटलं की सगळ्यांना कळतं. जोयडा तालुक्यातल्या आडरानातल्या वाड्यांवर दर पावसाळ्यात ओढे फुगतात, रस्त्याचा चिखल होतो, आणि आजारी माणसाला बांबूला घोंगडी बांधून, झोळी करून खांद्यावर न्यावं लागतं. या संकटाला नाव नाही. मृगापासून ते सुरू होतं आणि नवरात्राच्या सुमारास निवळतं. पुढच्या वर्षी पुन्हा. त्यासाठी कुणी निधी गोळा करत नाही, कुठल्या चर्चमध्ये विशेष वर्गणी फिरत नाही.

या तालुक्याचं जुनं नाव सुपा. ते ज्या गावावरून पडलं ते सुपा आज पाण्याखाली आहे. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचं सुपा धरण उभं राहिलं, वीज आली, आणि बाजारपेठेचं एक नांदतं गाव आजूबाजूच्या वाड्यांसकट बुडालं. तिथल्या बऱ्याच माणसांना रामनगरला वसवलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली आणि तालुक्याचं नावही बदललं. घर, शेत, देऊळ, स्मशान हे सगळं एकदम गमावणं याला आपत्ती म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पण ती सरकारी कागदावर आखून आणलेली होती, म्हणून तिला प्रकल्प म्हटलं गेलं. माझं एक स्पष्ट मत इथंच सांगून टाकतो: आपल्या मंडळ्या, मग त्या कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट, अचानक कोसळणाऱ्या संकटाकडे धावायला शिकल्या आहेत. सावकाश येणाऱ्या, आणि आल्यावर न जाणाऱ्या संकटाजवळ बसून राहायला अजून पुरेशा शिकलेल्या नाहीत. पुस्तकातला सगळा मजकूर वाचताना हा निकष मी हातात धरला होता. वाचकानंही धरावा.

मराठी मुलखात या विषयाची सुरुवात पंडिता रमाबाईंपासून केल्याशिवाय इलाज नाही. त्यांचा जन्म १८५८चा, गंगामुळच्या रानातला. म्हणजे तोही सह्याद्रीतला एक नदीउगमच, आजच्या कर्नाटकातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाच्या रोषाचे धनी. पुढं हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत दक्षिणेत फिरत राहिलं. १८७६-७७मध्ये ज्याचा कहर झाला त्या दुष्काळाची चाहूल मद्रास इलाख्यात दोन-तीन वर्षं आधीच लागली होती. डोंगरे कुटुंबाजवळचा पैसा संपला, भांडी गेली, दागिने गेले. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज होती. शेवटी अकरा दिवस ही माणसं झाडपाला, पाणी आणि रानखजुरावर राहिली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडं चालत चालत १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचली.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे: ‘पंडिता’ ही पदवी, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, अल्पावधीत वैधव्य, इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा, १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन. ते सगळं इथं सांगायचं कारण नाही. मला सांगायचं आहे ते १८९६च्या शेवटाकडचं. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या आणि रमाबाईंच्या मनात पहिल्यांदा विचार आला तो न जाण्याचा. पैसा नव्हता. शारदासदन तोवर पुण्यात हललं होतं, मुलींचा खर्च कसाबसा भागत होता, आणि पुण्यातलं जनमत त्यांच्या विरोधात होतं. सदनातल्या मुली ख्रिस्ती होत आहेत यावरून १८९३मध्ये वादळ उठलं होतं आणि रानडे, भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं होतं. अशा वेळी आणखी तोंडं जमवणं व्यवहाराला धरून नव्हतं. पण त्यांना स्वतःचे ते अकरा दिवस आठवले, आणि त्या गेल्या.

तिथं त्यांनी जे पाहिलं त्यात उपासमार तर होतीच. पण सरकारी अन्नछत्रांच्या आणि गरीबखान्यांच्या आवारात आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेला आली, आणि ती दिसायला रमाबाईंचेच डोळे हवे होते. भुकेनं खंगलेल्या तरुण मुलींवर तिथं वाईट लोकांची नजर होती. त्यांना आमिष दाखवून पळवलं जात होतं आणि राखणदारांचाही भरवसा नव्हता. धान्याचं पोतं मोजणाऱ्या अधिकाऱ्याच्या वहीत या धोक्यासाठी रकाना नव्हता. रमाबाईंनी मुली उचलून आणल्या. त्या खेपेला सुमारे तीनशे. आज आपत्तीच्या ठिकाणी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना पहिल्याच दिवशी सांगतात की एकटी मुलं आणि मुली यांची नोंद करा, अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. हा नियम कुणा तज्ज्ञानं लिहायच्या आधी एका मराठी बाईनं मध्य प्रांतातल्या धुळीत अनुभवानं शोधला होता.

मुली आणल्या आणि पुण्यात प्लेग आला. गावात एवढ्या मुली ठेवायला परवानगी मिळेना, तेव्हा केडगावला घेतलेल्या माळरानावर तंबू आणि छपरं उभी राहिली. मुक्तिसदनाचा आरंभ हा असा, नाइलाजातून झालेला आहे. १८९७च्या त्या प्लेगमध्येच रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांवर आणि असुरक्षिततेवर टीका केली. त्यांच्या ओळखीची एक मुलगी तिथून बेपत्ता झाली होती. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या कारभारावर ख्रिस्ती बाईनं असं उघड बोट ठेवावं, हे सरकारला झोंबलं आणि विलायतेतही त्याची चर्चा झाली. मिशनरी म्हणजे सरकारचा हस्तक असं समीकरण मांडणाऱ्यांनी हे पत्र बाजूला ठेवू नये. आणि आपत्तीतली सेवा म्हणजे फक्त गप्प राहून पेज वाढणं, असं मानणाऱ्या आपल्या भाविक मंडळींनीही ठेवू नये.

१८९९-१९००मध्ये गुजरातेत छपन्नचा (विक्रम संवत १९५६चा) दुष्काळ पडला. रमाबाईंच्या माणसांनी तिथूनही मुली आणल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या मुलींना जेवू घालणं एक, आणि त्यांचं पुढं काय करायचं हे दुसरं. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, छापखाना असं सगळं उभं केलं. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळं. दुष्काळ ओसरल्यावर बाहेरची वर्गणी आटते, हा नियम तेव्हाही होता. रमाबाई मात्र १९२२ साली त्यांचा मृत्यू झाला तोवर तिथंच होत्या. आदल्याच वर्षी मुलगी मनोरमा गेली होती. तरी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पुरं केलं. केडगावचं काम आजही चालू आहे.

आता अवघड प्रश्न. उपाशी मुलीला भाकरी दिली, निवारा दिला, आणि मग ती ख्रिस्ती झाली, तर तो तिचा निर्णय म्हणायचा का? केडगावच्या बाबतीत हा प्रश्न तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’नं विचारला, आर्यसमाजानं विचारला. लाला लजपतराय यांनी १८९७ आणि १८९९च्या दुष्काळांत हिंदू अनाथ मुलांसाठी चळवळ उभी केली, त्यामागं हीच धास्ती होती. विरोधकांचा सूर कडवट होता म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. ज्याच्या हातात अन्न आहे आणि ज्याच्या पोटात भूक आहे, त्या दोघांमधलं बोलणं बरोबरीचं नसतं. मला वाटतं, रमाबाईंना हे पुरतं कळत होतं आणि तरीही श्रद्धेचा आनंद त्या लपवू शकत नव्हत्या, लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती. त्या प्रामाणिक होत्या. पण प्रामाणिकपणानं तो असमतोल मिटत नाही. पुस्तकातल्या या भागावर ख्रिस्ती वाचक रागावतील, तर काही हिंदू वाचकांना तो फारच सौम्य वाटेल. दोघांनाही मी एवढंच सुचवीन की त्या मुलींपुढं दुसरे कोणते दरवाजे उघडे होते, तेही पाहा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये जिच्याशी पुनर्विवाह केला ती गोदूबाई, म्हणजे पुढची बाया कर्वे, शारदासदनाची विद्यार्थिनी होती. तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथबालिकाश्रम सुरू केला. विरोधातून का होईना, दरवाजे वाढले.

दुष्काळात मदतीला धावणारे ख्रिस्तीच होते असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. १८७७च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या सत्यशोधक समाजानं धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. सावित्रीबाईंचा अंत १० मार्च १८९७ रोजी झाला, तोही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन. ख्रिस्ती सेवेचं मोल सांगताना शेजारच्याचं झाकायची सवय आपल्या मिशनच्या अहवालांना होती. ती सवय या पुस्तकात नको, असा माझा आग्रह होता.

अहमदनगरची कहाणी थोडी वेगळी. अमेरिकन मराठी मिशन तिथं १८३१पासून होतं, त्यामुळं दुष्काळ आला तेव्हा त्यांना गावं, वाटा आणि माणसं माहीत होती. १९००मध्ये न्यूयॉर्कहून ‘किटो’ नावाचं जहाज मुंबईला आलं. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाच्या वाचकांच्या वर्गणीतून आलेला मका त्यात भरला होता. ज्वारी-बाजरीच्या देशाला अमेरिकन मका! असो; उपाशी माणूस चवीची तक्रार करत नाही. नगरचे रॉबर्ट ह्यूम यांचा या मदतकार्यात मोठा वाटा होता आणि सरकारनं त्यांना कैसर-इ-हिंद पदकही दिलं. पण मला जहाजापेक्षा त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. दुष्काळातली अनाथ मुलं नगरच्या वसतिगृहांत वाढत होती, त्यांना पोटापाण्याचा धंदा हवा होता, म्हणून मिशननं उद्योगशाळा काढल्या. डेव्हिड चर्चिल नावाचा एक अमेरिकन अभियंता तिथं येऊन हातमागाच्या सुधारणेत गढून गेला आणि जास्त वेगानं विणणारा माग त्यानं तयार केला. धर्मप्रसाराच्या इतिहासात या माणसाचा उल्लेख तळटीपेत येतो. माझ्या मते तो मजकुरात यायला हवा.

पाऊणशे वर्षांनी त्याच जिल्ह्यात, जामखेडला, ही परंपरा नव्या वळणावर आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७०मध्ये तिथं आले, आणि लगोलग १९७२चा दुष्काळ पडला. डॉक्टर आले होते औषधं द्यायला. लोकांना हवं होतं पाणी आणि अन्न. आरोळ्यांनी आधी पाण्याचं काम हाती घेतलं. कूपनलिका खणताना त्या दलित वस्तीत येतील असं पाहिलं, म्हणजे पाणी भरायला सगळ्या गावाला तिथं यावं लागेल. मिशनच्या बंगल्यात राहून प्रवचनं देणाऱ्यांना शंभर वर्षांत जे जमलं नव्हतं, ते एका हातपंपाच्या जागेनं थोडंफार जमवलं. पुढं त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर आणि खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. धर्मांतराचा प्रश्न जामखेडमध्ये उरलाच नाही, कारण ज्ञान आणि निर्णय दोन्ही गावातल्या बायकांच्या हाती गेले होते. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघी फादर हर्मन बाखर यांनीही नगर जिल्ह्यातल्याच दुष्काळाकडे पाहून पाणलोट विकासाचा रस्ता धरला. टँकरनं पाणी वाटण्यापेक्षा डोंगरउतारावर पडणारं पाणी गावानंच अडवावं, असं त्यांचं म्हणणं.

किल्लारीचा अनुभव मात्र मिश्र आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, अनंत चतुर्दशीनंतरची. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाब्याची छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसं गेली. मदतीचा एवढा ओघ लातूर-उस्मानाबादकडे वळला की जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७मध्ये सुरू झालेल्या कामातून वाढलेली ‘कासा’ ही प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची संस्था, कॅथलिकांची कॅरिटास, साल्व्हेशन आर्मी अशा अनेकांनी तिथं काम केलं. घरं झाली. पण नवी गावठाणं शेतापासून लांब पडली, रुंद रस्त्यांच्या सरळ रांगांत भावकीचे वाडे विखुरले, गुरं बांधायची कुठं हा प्रश्न कुणी आधी विचारला नव्हता. भरपाईचा पैसा आल्यावर दारू वाढली, रात्री सिमेंटच्या छताखाली झोप येईना. अशा वेळी ओट्यावर येऊन बसेल असा माणूस लागतो, आणि तोपर्यंत बहुतेक संस्थांचे करार संपलेले असतात.

त्या ओट्यावर बसून बोलायचं काय, हा पाळक आणि धर्मगुरूंचा प्रश्न. जुन्या करारातल्या ईयोबाची गोष्ट या कामात सगळ्यांत उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. सगळं गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर न बोलता बसले. तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि हे संकट तुझ्याच कुठल्यातरी पापाचं फळ असणार, असं समजवायला लागले. शेवटी देव रागावतो तो या समजवणाऱ्यांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. भूकंपानंतर तिसऱ्याच दिवशी ढिगाऱ्यावर उभं राहून ‘देवाची इच्छा’ सांगणारा उपदेशक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ईयोबाचं पुस्तक पुन्हा काढून वाचावंसं वाटेल. आपल्या गावाकडे दुखवट्याला आलेली माणसं नुसती बसतात, चहा घेत नाहीत, फारसं बोलत नाहीत. ती रीत शास्त्राला धरूनच आहे.

भाकरीबरोबर बाप्तिस्मा नको, ही गोष्ट आता लेखी नियम झाली आहे. १९९४मध्ये रेड क्रॉस आणि मदतसंस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. मदत गरजेप्रमाणे द्यायची, आणि तिचा उपयोग कुठल्याही राजकीय वा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी करायचा नाही, असं तीत स्पष्ट आहे. ती घडवण्यात कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय कॅरिटास, लुथरन जागतिक महासंघ आणि जागतिक चर्च परिषद यांचा हात होता. म्हणजे चर्चनं हे बंधन स्वतःच स्वतःवर घालून घेतलं. कर्नाटकात २०२२मध्ये धर्मांतरविरोधी कायदा आला आणि पुढच्या वर्षी सरकार बदलल्यावर तो मागं घ्यायचं ठरलं. या घडामोडींमुळं जोयड्यासारख्या भागात काम करणारा ख्रिस्ती माणूस आज तांदळाचं पोतं उतरवतानाही आजूबाजूला पाहतो. भीती खरी आहे. पण कायदा असो वा नसो, पोत्यावर वचन चिकटवण्याची गरज मला कधी कळली नाही.

काळी नदीच्या काठी आणि जिल्ह्यात इतरत्र आता नावाची संकटंही येऊ लागली आहेत. २००९च्या ऑक्टोबरात कारवारजवळ कडवाड इथं डोंगर खचून माणसं गाडली गेली. २०१९च्या ऑगस्टमध्ये कद्रा धरणाचं पाणी सोडल्यावर खालची गावं बुडाली. २०२४च्या जुलैत अंकोला तालुक्यात शिरूरला दरड कोसळली, आणि तीन आठवड्यांत सदाशिवगड-कारवार दरम्यानचा काळीवरचा जुना पूल मध्यरात्री पडला. काळीच्या वरच्या अंगाला व्याघ्र प्रकल्पामुळं कुणबी कुटुंबांपुढं पैसे घेऊन रान सोडायचा पर्याय ठेवला आहे. कागदावर तो ऐच्छिक आहे. शाळा, रस्ता, इस्पितळ यांतलं काहीच धड पोहोचत नसेल तर माणूस किती स्वेच्छेनं उठतो, हे सुप्यातून उठलेल्यांना विचारावं. कारवारचा कॅथलिक धर्मप्रांत १९७६पासून या जिल्ह्यात आहे, रामनगर-लोंढ्याच्या बाजूला जुनी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. माणसं आहेत. त्यांनी पुराची वाट न पाहता कामाला लागावं असं पुष्कळ आहे: मे महिन्यातच वाडीवाडीतल्या गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि नियमित औषधं घेणारे रुग्ण यांची यादी करणं, औषधं आधी पोहोचवणं, झोळी उचलायला कोण येईल हे ठरवणं, पुनर्वसनाचे कन्नडमधले कागद कोकणीत समजावून सांगणं.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमानं आहे, पण तसंच वाचायला हवं असं नाही. इतिहासात रस असणाऱ्यानं दुष्काळांपासून सुरुवात करावी. पाळक, धर्मभगिनी आणि युवक संघाच्या कार्यकर्त्यांनी आधी शोक आणि सांत्वनावरचा भाग वाचावा, मग मुलांच्या संरक्षणावरचा. आणि जोयडा, हल्याळ, खानापूर भागातल्या वाचकानं सरळ शेवटचा भाग उघडावा. त्यात पावसाळ्याआधी करायच्या कामांच्या याद्या आहेत, त्या फाडून भिंतीला लावल्या तरी चालतील.